शिसं किती आणि भीती किती?



सबमिशन संपलं, ओरल्स उरकल्या, की हॉस्टेलवर एकच विषय चालतो तो म्हणजे ट्रिप. सिनियर्सच्या काळी ट्रिप म्हणजे गोवा, आणि ते नाही जमलं तर लोहगड-राजमाची हाताशी आहेतच. आता त्या यादीत मालवण बरंच वर आलं आहे. मालवण म्हणजे स्कूबा डायव्हिंग हे समीकरणही पक्कं झालं आहे. सोमाटणे फाट्यावर चहा पिता पिता गाडी ठरते, माणशी कॉन्ट्रिब्युशन ठरतं, पाण्याखालचा व्हिडिओ फुकट मिळणार की त्याचे वेगळे पैसे, याची तर आधी चौकशी होते. एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही, आणि मला आज तोच मांडायचा आहे. कमरेला शिसं किती किलो बांधणार आणि तेवढंच का?

हा काय लेखाचा विषय झाला, असं काही जण म्हणतील. शिसं बांधणं हे तिथल्या माणसाचं काम, आपण पैसे भरायचे आणि मासे बघायचे. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. पाण्याखाली श्वास घेण्याइतकंच पाण्याखाली आपलं वजन किती असावं हे महत्त्वाचं आहे, आणि ते अंदाजाने नाही तर मोजून ठरवायला हवं. आपण इंजिनिअरिंगवाले आहोत. मोजायचं कसं हे आपल्याला निदान माहीत तरी आहे.

आधी मुळात शिसं का लागतं ते बघू. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'बॉयन्सी' म्हणून हे पाठ केलं होतं. 'प्लावक बल' हा शब्द मला इथे आल्यावर मराठी मीडियमच्या रूममेटने शिकवला. शब्द कुठलाही घ्या, आर्किमिडीजबाबा तोच आहे. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. माणसाच्या छातीत हवा असते, म्हणून बहुतेक माणसं समुद्रात जेमतेम तरंगतात. त्यात अंगावर वेटसूट चढला की तरंगणं आणखी वाढतं, कारण त्याच्या रबरात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे असतात. या तरंगण्याला तोलायला कमरेला शिशाचा पट्टा बांधतात. काम फक्त तोलण्याचं आहे. पट्ट्याने माणसाला तळाशी न्यायचं नसतं, पाण्यात मधोमध, ना वर ना खाली, अधांतरी राहता येईल एवढंच करायचं असतं.

आता हे शिसं किती? यावर एक ठोकळेबाज नियम सांगितला जातो, तो म्हणजे शरीराच्या वजनाच्या दहा टक्के. ऐकायला सोपा आहे, पण त्यात दम नाही. आपल्या हॉस्टेलवरचे सत्तर किलोचे दोघे घ्या. एक जिममध्ये पडीक, दुसरा मेसमध्ये आमरस असेल त्या दिवशी पडीक. काट्यावर दोघे सारखेच. पण चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू पाण्यापेक्षा जड, म्हणून पाण्यात पहिला बुडायला बघेल आणि दुसरा बोयासारखा तरंगेल. दोघांना सात-सात किलो शिसं बांधलं तर एकावर तरी अन्याय होणारच. वर वेटसूट तीन मिलिमीटरचा की पाचचा, सिलिंडर ॲल्युमिनियमचा की स्टीलचा, पाणी गोडं की खारं, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलतं.

गोड्या-खाऱ्याचंच बघा. समजा स्विमिंग पूलमध्ये सगळ्या सामानासकट ८५ किलो भरणारा माणूस बरोबर अधांतरी राहतो. म्हणजे तो ८५ लिटर पाणी बाजूला सारतो. समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलोचं असतं. तोच माणूस तसाच समुद्रात उतरला तर त्याला वर ढकलणारा जोर ८७ किलोंच्या पुढे जातो. म्हणजे पूलमध्ये बरोबर असलेलं शिसं समुद्रात दोन किलोंनी कमी पडतं. उलट समुद्रातला आकडा घेऊन कुणी गोड्या पाण्याच्या तलावात उतरला तर तो दोन किलोंनी जड. एकच आकडा वहीत लिहून सगळीकडे वापरता येत नाही, तो याच्यासाठी.

दुसरी गंमत सिलिंडरची. आपल्या हायवेला वजनकाट्याच्या पाट्या पावलोपावली दिसतात. ट्रक एकदा रिकामा काट्यावर चढतो, एकदा भरलेला. दोन्ही आकडे घेतल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. डायव्हरच्या पाठीवरचा सिलिंडर म्हणजे वाटेत रिकामा होत जाणारा ट्रक. ११ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला तर त्यात साधारण २२०० लिटर हवा मावते. हवेलाही वजन असतं, लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे नुसती हवाच अडीच किलोंच्या वर भरते. ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं म्हटलं तरी डाइव्हच्या शेवटी आपण सुमारे दोन किलोंनी हलके झालेलो असतो. म्हणून शिसं ठरवायचं ते सुरुवातीच्या जडपणाकडे बघून नाही, तर शेवटच्या हलकेपणाकडे बघून.

आता मुख्य मुद्द्यावर येते. आपल्याकडे सर्रास समज आहे की शिसं थोडं जास्तच असलेलं बरं, जास्त म्हणजे सेफ. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघी मालवणला गेलो होतो तेव्हा हेच बघितलं. ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव घेत नाही, कारण हा एकट्या-दुकट्याचा दोष नसावा असं मला वाटतं. तिघींच्या वजनात चांगला पंधरा किलोंचा फरक, पण तिघींच्या कमरेला अगदी एकसारखा पट्टा. "दादा, हे किती किलो आहे?" असं मी विचारलं, तर उत्तर आलं, "भियाव नकात, आमी आसंव मा!" त्या मुलाच्या पाण्यातल्या हुशारीबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. समुद्र त्याच्या घराच्या अंगणात आहे. पण मी धीर मागितला नव्हता, आकडा मागितला होता. डाइव्हभर मी पायांनी वाळू उडवत, डोकं वर आणि कंबर खाली अशी तिरकी चालले होते, आणि तो मला मागून धरून उचलत होता. मासे दिसले, पण जास्त करून वाळूच दिसली!

जादा शिशाने नक्की काय बिघडतं? वरवर वाटतं की माणूस फार तर तळाला टेकेल. पण हिशोब केला तर उलटंच काही तरी हाती लागतं. जादा वजन तोलायला डायव्हर अंगावरच्या जॅकेटमध्ये हवा भरतो. याला बीसीडी म्हणतात. समजा दहा मीटर खोलीवर, बरोबर वजन असलेल्याच्या जॅकेटमध्ये १ लिटर हवा आहे. चार किलो जादा घेतलेल्याला तिथेच सुमारे ५ लिटर भरावी लागेल. दहा मीटरवर दाब २ ॲटमॉस्फिअर, पाच मीटरवर दीड. दोघे पाच मीटरपर्यंत वर आले की बॉइलच्या नियमाने पहिल्याची हवा होते १.३ लिटर आणि दुसऱ्याची ६.७ लिटर. पहिल्याला वर ढकलणारा जोर वाढला ३०० ग्रॅमने. तो एक जरा लांब उच्छ्वास सोडून सावरता येतो. दुसऱ्याचा वाढला १ किलो ७०० ग्रॅमने. तो श्वासाने सावरत नाही. जॅकेटमधली हवा पटकन सोडता आली नाही तर माणूस वर, आणखी वर, आणखी वेगाने सुटतो. म्हणजे बुडू म्हणून बांधलेलं शिसंच माणसाला बाटलीच्या बुचासारखं वर फेकतं. नवख्याला हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची. घाबरून त्याने श्वास रोखून धरला तर छातीतली हवाही त्याच नियमाने फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्यासाठी फार खोल असावं लागत नाही, काही मीटरही पुरतात. म्हणून स्कूबाचा पहिला नियमच हा की श्वास कधीही रोखायचा नाही.

शिवाय जड माणूस जास्त धडपडतो, त्यामुळे हवा लवकर संपवतो. तिरका पोहतो, म्हणून त्याचे फिन्स तळाला आपटतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहे. मालवणचा हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि तुटायला आपली एक लाथ पुरते. शिवरायांनी १६६४ साली ज्या बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, त्याच्या पायाशी आपण जाऊन मोडतोड करून यायची, हे काही बरं नाही.

मग नवख्यांना जादा शिसं बांधतात तरी का? याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मजेदार वाटतं. नवखा माणूस खरोखरच तरंगतो! पाण्यात उतरल्यावर तो घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस छाती भरून श्वास घेतो आणि पूर्ण सोडतच नाही. छातीत एक-दोन लिटर हवा जास्त राहिली की तेवढेच एक-दोन किलो तो हलका. त्यात तो नकळत पाय मारत राहतो, हात हलवत राहतो, आणि त्याने आणखी वर राहतो. गाइडला दिसतं की हा काही खाली जात नाही. तो आणखी एक शिसं ओवतो. म्हणजे त्या पट्ट्यात दोन प्रकारची वजनं असतात. एक आपल्या शरीराचं आणि सामानाचं, दुसरं आपल्या भीतीचं. दहा मिनिटांनी श्वास शांत झाला की भीती जाते, पण तिच्यासाठी बांधलेलं शिसं कमरेलाच राहतं.

आमचे मामा मावळातल्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं, ही त्यांची युनिव्हर्सिटी. पण मामा एक सांगतात. डबा कायम तोच नसायचा. पोरगं हातपाय मारायला लागलं की मोठा डबा काढून छोटा बांधायचे, आणि एक दिवस न सांगताच तोही सोडायचे. डबा तरंगायला आणि शिसं बुडायला, पण तत्त्व एकच. भीतीसाठी बांधलेली गोष्ट भीतीबरोबर कमी करत न्यायची असते. विहिरीच्या काठावर बसलेल्या आज्याला जे कळत होतं, ते लाइफ जॅकेट आणि कॅमेरे विकणाऱ्या आपल्या जमान्याला कळू नये?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ट्राय डाइव्ह घेणारा गाइड म्हणेल, मला रोज इतकी माणसं खाली न्यायची असतात. त्यातलं एक जरी हातातून निसटून वर गेलं तर जबाबदारी माझी, म्हणून मी थोडं जड ठेवतो. यात तथ्य आहे. नवख्याचं अचानक वर सुटणं किती वाईट ते वर सांगितलंच. म्हणून पहिल्या खेपेला एखादा किलो जास्त ठेवला तर माझी तक्रार नाही. पण एक किलो विचार करून ठेवणं वेगळं आणि सगळ्यांना एकाच मापाचा पट्टा अडकवणं वेगळं. पहिल्याला मी काळजी म्हणते, दुसऱ्याला सोय. आणि ती सोय गाइडची असते, आपली नाही.

मोजायचं कसं, तेही अवघड नाही. रीतसर कोर्समध्ये हे शिकवतातच. सगळं सामान घालून, पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात, इन्स्ट्रक्टरच्या सोबत उभं राहायचं. रेग्युलेटर तोंडात, जॅकेट पूर्ण रिकामं. नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि तेवढ्यापुरता थांबायचा (हे फक्त पृष्ठभागावर, खाली कधीच नाही). हात-पाय बिलकुल हलवायचे नाहीत. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. मग श्वास सोडायचा, की हळूहळू डोकं पाण्याखाली गेलं पाहिजे. श्वास सोडायच्या आधीच दगडासारखं खाली गेलात तर शिसं जास्त आहे. श्वास सोडूनही डोकं वरच राहिलं तर कमी आहे. एकेक किलोने बदलायचं. सिलिंडर भरलेला असताना हे केलं असेल तर त्यात दोन किलो वाढवायचे, ते मघाशी सांगितलेल्या हवेसाठी. खरी परीक्षा मात्र शेवटी. ५० बार उरले असताना पाच मीटरवर जवळपास रिकाम्या जॅकेटने स्थिर राहता आलं, तर तुमचा आकडा बरोबर. तो वहीत लिहून ठेवायचा, कुठला सूट, कुठला सिलिंडर, कुठलं पाणी यासकट. या सगळ्याला पाच-दहा मिनिटं लागतात. आपण फाट्यावर बसची वाट त्याहून जास्त बघतो.

आणखी एक गोष्ट, पट्ट्याच्या बकलाची. वेट बेल्टचं बकल एका हाताने झटक्यात सुटावं असंच बनवलेलं असतं, कारण पृष्ठभागावर अडचणीत आल्यावर शिसं टाकून देणं हा शेवटचा उपाय आहे. डायव्हिंगच्या अपघातांचा ज्यांनी अभ्यास केला, त्यांना वारंवार दिसलेली गोष्ट अशी की मृत डायव्हरच्या अंगावर शिसं तसंच असतं. सोडायचं सुचतच नाही. म्हणून पाण्यात जाण्याआधी बकल कुठे आहे हे बघून, एकदा स्वतः उघडून बंद करून ठेवा. पट्ट्यावर जॅकेटचा पट्टा येत नाही ना, तेही तपासा. बोटीत बसल्यावर लाइफ जॅकेट मागायलाही लाजू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. त्याचा शिशाशी संबंध नव्हता, पण पाण्यावर जाताना चौकशी करायची सवय हवी, एवढं त्यावरून नक्की शिकता येतं.

हे सगळं मी इतकं ताणून का सांगते आहे? कारण आपण ज्या भागात राहतो तिथे न मोजलेल्या वजनाची किंमत आपण जवळून पाहिली आहे. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला आणि चार माणसं गेली. पुलावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटलं असणार, एवढे जण उभे आहेत, म्हणजे ठीकच असेल. सगळे करतात म्हणून ठीक असेल, ही आपली जुनी सवय आहे. स्कूबाच्या पट्ट्याचंही तेच. सगळ्यांना तोच पट्टा, म्हणजे ठीकच असेल! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात लोड न लिहिता उत्तर काढलं तर सर शून्य देतात, आणि स्वतःच्या कमरेचा लोड मात्र आपण विचारतही नाही.

माझ्या सूचना थोड्याच आहेत. विद्यार्थ्यांनी बुकिंग करताना व्हिडिओबरोबर हेही विचारावं की उतरण्याआधी प्रत्येकाचं वजन पाण्यात तपासणार का? नाही म्हणाले तर दुसरीकडे जावं. शिसं स्वतःच्या मनाने काढू किंवा घालू नये, पण जड वाटलं तर इन्स्ट्रक्टरला सांगायला कचरू नये. ज्यांना खरोखर गोडी लागेल त्यांनी एका ट्राय डाइव्हवर न थांबता रीतसर कोर्स करावा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, त्यासाठी परदेशात जायला नको. आणि कोर्सशिवाय कुणी पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या पाण्यात प्रयोग करायला जाऊ नये, हे वेगळं सांगायला नकोच.

स्टाफकडे एकच विनंती. ट्रिपच्या परवानगीचा जो फॉर्म आपण भरून घेता, त्यात पालकांची सही आहे, ब्लड ग्रुप आहे, फोन नंबर आहे. पाण्यातल्या खेळांसाठी त्यात एक रकाना वाढवावा: "शिसं किती किलो, कसं ठरवलं, कोणी तपासलं?" रकाना असला की प्रश्न विचारला जातो आणि प्रश्न विचारला की समोरचा मोजायला लागतो. आपल्याला सहज करता येण्यासारखं एवढंच आहे, आणि माझ्या मते ते पुरेसं आहे.

पटलं तर करा. नाही पटलं तर मेसमध्ये भांडायला या, पण येताना हिशोब कागदावर मांडून आणा!